शेताच्या वहिवाटीच्या वाटेवरून घोडे नेण्यास शेजाऱ्याची हरकत : हक्क कुठपर्यंत पोहोचतो?

प्रश्न : पागा_घोडनदी

नमस्कार. आमची शेतजमीन पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात आहे. पणजोबांच्या नावावरच्या एकाच गटाचे १९७८ मध्ये भावाभावांत वाटप झाले. त्यात रस्त्यालगतचा हिस्सा चुलत आजोबांकडे गेला आणि मागचा, ओढ्याच्या बाजूचा हिस्सा आमच्या आजोबांकडे आला. आमच्या हिश्श्याला दुसरीकडून वाट नाही. पलीकडे ओढा आणि त्याच्या पलीकडे परक्यांची जमीन आहे. वाटप झाल्यापासून आम्ही चुलत्यांच्या हिश्श्याच्या पूर्वेकडील बांधालगत, साधारण आठ-नऊ फूट रुंदीच्या वाटेने ये-जा करत आलो आहोत. पूर्वी बैलगाडी जात असे, पुढे ट्रॅक्टर जाऊ लागला.

आजोबा बैलगाडा शर्यतींचे शौकीन होते. आमच्या भागातील घाटांत (म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर) गाड्यापुढे घोडी पळवतात, तशी त्यांची घोडी कायम दावणीला असे आणि ती याच वाटेने आत-बाहेर जात असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या तेव्हा घोडी विकली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाल्यावर मी एक काठेवाडी घोडी आणली आणि हळूहळू पागा वाढवली. आज माझ्याकडे शिंगरू धरून सहा जनावरे आहेत. दोन घोडे लग्नसराईत वरातीला जातात, आणि रविवारी गावातील व शिरूरमधील मुले रपेट शिकायला येतात. उरलेल्या जमिनीत मी लसूणघास, मका आणि थोडा ऊस घेतो.

चुलत्यांनी यंदा मार्गशीर्षात वाटेच्या तोंडाशी तारेचे कुंपण घालून लोखंडी फाटक बसवले व त्याला कुलूप लावले. त्यांचे म्हणणे असे की वाट शेतीसाठी दिली होती, पागेसाठी नव्हे. बैल आणि ट्रॅक्टर नेण्यास त्यांची ना नाही, पण घोडा एकही जाऊ देणार नाही, असे त्यांनी ग्रामपंचायतीसमोर सांगितले. सध्या मी घोडे ओढ्याच्या पात्रातून नेतो, जे पावसाळ्यात अशक्य होईल. आजोबांच्या काळापासून सर्वांच्या संमतीने चालत आलेली ही वाट केवळ जनावर बदलले म्हणून बंद करता येते का? मी तहसीलदारांकडे जावे की दिवाणी न्यायालयात?

उत्तर १ : तालुका_दिवाणी

मी तालुका न्यायालयात दिवाणी दावे चालवतो, आणि माझ्या अनुभवात वाटेच्या भांडणात पक्षकार स्वतःचेच नुकसान एखाद्या शब्दाने करून घेतात. तुमच्या प्रश्नातला ‘सर्वांच्या संमतीने’ हा शब्दप्रयोग त्यांपैकी आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (ज्याला कोर्टात सगळे इझमेंट ॲक्ट म्हणतात) याच्या कलम १५ प्रमाणे, वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून केलेल्या वापरातून वाटेचा हक्क निर्माण होतो. जो वापर परवानगीने होतो तो हक्काचा वापर ठरत नाही. ती केवळ मुभा असते, आणि मुभा सामान्यतः देणाऱ्याला काढून घेता येते. म्हणून आधी स्वतःला नीट विचारा की चुलत आजोबांकडे कधी कोणी परवानगी मागितली होती का, की वाटपाच्या दिवसापासून ती वाट आपलीच समजून वापरली गेली. दुसरी गोष्ट खरी असेल तर तसेच लिहा, आणि अर्जात व दाव्यात ‘संमती’, ‘परवानगी’, ‘त्यांच्या चांगुलपणाने’ असले शब्द येऊ देऊ नका.

तुमच्या हक्काचे दोन स्वतंत्र पाये आहेत आणि त्यांची व्याप्ती सारखी नाही, हे फार महत्त्वाचे आहे. पहिला पाया वाटपाचा. एकत्र मिळकतीचे वाटप होऊन एखादा हिस्सा असा पडला की दुसऱ्याच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय तिथे पोहोचताच येत नाही, तर कलम १३ प्रमाणे गरजेपोटी वाटेचा हक्क मिळतो. त्याला वीस वर्षे मोजावी लागत नाहीत, पण केवळ सोयीची वाट असून भागत नाही, दुसरी वाट नाहीच हे दाखवावे लागते. मात्र कलम २८ सांगते की हा हक्क तो निर्माण झाला त्या वेळच्या गरजेएवढाच असतो. १९७८ ची तुमची गरज शेतीची होती, हे तुमचे चुलते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे.

दुसरा पाया दीर्घ वहिवाटीचा, आणि तिथे तुमच्या आजोबांची घोडी तुमच्या मदतीला येते. अशा हक्काची व्याप्ती ज्या हेतूने व ज्या प्रकारे वापर झाला त्यावरून ठरते, आणि हेतूबद्दल पुरावा नसेल तेव्हा एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. पायवाटीचा हक्क असणाऱ्याला गाडी नेता येत नाही, ती याच तत्त्वाने. पण तुमच्या वाटेवरून बैलगाडी, बैल आणि घोडी ही तिन्ही १९७८ पासून गेली असतील, तर घोडा हा त्या वाटेला नवा प्रकार नाही. २०१४ ते २०२१ या काळात घोडी नव्हती याची फार चिंता करू नका. कलम १५ च्या अर्थाने खंड पडला असे तेव्हाच म्हणतात जेव्हा दुसऱ्या कोणीतरी अडथळा केला, वापर त्यामुळे प्रत्यक्षात थांबला, आणि ते समजल्यानंतरही हक्कदार वर्षभर गप्प राहिला. तुम्ही स्वतःहून घोडी विकली, त्यात कोणाचा अडथळा नव्हता. आताचे कुलूप मात्र अडथळा आहे, त्यामुळे आता गप्प राहू नका.

तुमची खरी अडचण मला घोड्यात दिसत नाही, ती रविवारच्या रपेटीत दिसते. कलम २९ प्रमाणे, ज्या जमिनीसाठी वाट आहे त्या जमिनीत फेरबदल करून किंवा भर घालून वाटेवरचा भार लक्षणीय वाढवता येत नाही. कलम २३ तुम्हाला वापराची पद्धत बदलू देते, पण समोरच्यावर जादा ओझे पडणार नाही या अटीवर. एक घोडी दावणीवरून घाटाकडे जाणे आणि दर रविवारी पालकांच्या मोटारी व दुचाक्या त्याच बांधावरून आत येणे यांत कोणतेही न्यायालय फरक करेल. मुले येतात ती पायी आत येतात की वाहनाने? घोडे वाहून नेणारा टेम्पो आत येतो का? बाहेरच्या मालकांचे घोडे पैसे घेऊन तुम्ही ठेवता का? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाल्याशिवाय मी पुढे सांगणे योग्य नाही.

उत्तर २ : बांधापलीकडची

मी वकील नाही. आमच्या रानातून अशीच एक वाट शेजाऱ्यांच्या पागेकडे जाते, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण अशा चर्चांत ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याचे ऐकून घेतले जात नाही. आमचा विरोध घोड्याला कधीच नव्हता. काळ्या रानातला बांध पावसाळ्यात ओला असतो तेव्हा नाल ठोकलेला खूर त्यात विळ्यासारखा उतरतो, प्रत्येक खुराबरोबर कडेची माती ढासळून खालच्या पाण्याच्या चारीत पडते, चारी बुजते, आणि पाळीचे पाणी आमच्या कांद्याच्या वाफ्यात भलतीकडे शिरते. बैल वर्षातून ठरावीक दिवस जात, घोडे मात्र रोज सकाळ-संध्याकाळ जातात. दोन घोडे शेजारी शेजारी चालवले की बाहेरचा घोडा पिकात पाय टाकतोच, आणि मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) नवखा असेल तर लगाम सैल सोडतो व घोडा जाता जाता मक्याचे शेंडे ओरबाडतो. हे रोज पाहणाऱ्या माणसाने शेवटी फाटक बसवले तर त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार व्हावा.

आमच्याकडे भांडण न्यायालयापर्यंत गेले नाही, कारण पागेवाल्यांनी वाटेवर स्वखर्चाने मुरूम टाकून दिला, चारीवर सिमेंटचा पाइप बसवला, आणि घोडे एकामागे एक, पायी चालत, लगाम हातात धरूनच न्यायचे असे ठरले. मोटारी रस्त्यावरच थांबतात. चुलत्यांशी बोलताना आपला हक्क किती जुना आहे हे सांगण्याआधी त्यांचे नेमके नुकसान काय झाले हे विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : निवृत्त_मंडळ_अधिकारी

कुठे जावे हा प्रश्न राहून गेला, त्याबद्दल लिहितो. तहसीलदारांकडे वाटेसाठी दोन वेगवेगळे मार्ग आहेत आणि अर्जदार त्यांची नेहमी गल्लत करतात, त्यामुळे महिनोन् महिने वाया जातात. वाट पूर्वीपासून चालू होती आणि कोणीतरी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ खाली दावा करायचा असतो. वाटच नाही आणि शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीवरून ती हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ खाली अर्ज करायचा असतो. तुमची वाट वापरात होती आणि कुलूप लावून अडवली गेली, म्हणून तुमचे प्रकरण कलम ५ चे आहे. कलम १४३ चा अर्ज केला तर वाट पूर्वी नव्हतीच असे तुम्ही कबूल केल्यासारखे दिसते, आणि समोरचा वकील त्याचा पुरेपूर उपयोग करतो.

कलम ५ चा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. तुम्ही मार्गशीर्ष लिहिले आहे, पण इंग्रजी तारीख काढा, कारण कार्यालयात तीच मोजली जाते. कुलूप लावलेल्या फाटकाचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर त्यांवरची तारीख जपून ठेवा.

आता घोड्यांविषयी. कलम ५ हे शेतीच्या किंवा चराईच्या जमिनींना आणि तिथे जाणाऱ्या रस्त्यांना व रूढीच्या वाटांना लागू होते. तुमच्या जमिनीत ऊस, मका, लसूणघास आहे आणि स्वतःची जनावरे चरतात, त्यामुळे जमीन या व्याख्येत बसते. पण दाव्यात ‘रायडिंग स्कूलकडे जाणारी वाट’ असा उल्लेख आला तर हे प्रकरण आमच्या अधिकारात येत नाही, दिवाणी न्यायालयात जा, असे सांगितले जाण्याची दाट शक्यता आहे. तहसीलदारांनी आदेश दिल्यास त्यावर अपील नाही, फेरतपासणी आहे. हक्क कोणाचा, हा वाद मात्र अखेर दिवाणी न्यायालयातच मिटतो.

कागद गोळा करताना गाव नकाशा आधी पाहा. त्यावर दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा असेल तर पायमार्ग. तुमची वाट गटाच्या आतली असल्यामुळे ती बहुधा नकाशावर दिसणार नाही. शेतावर जाण्याच्या अशा वाटा सहसा नकाशावर नसतातच, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून निराश होऊ नका. अशा वेळी वाजिब-उल-अर्ज मागावा. गावातील वाटांच्या व पाण्याच्या रूढी लिहून ठेवण्याचे हे दप्तर संहितेच्या कलम १६५ प्रमाणे असते, आणि तलाठ्याला आठवण करून दिल्याशिवाय ते सहसा बाहेर येत नाही. त्याखेरीज १९७८ च्या वाटपाचा फेरफार आणि त्यासोबतचा जबाब काढा. जुन्या फेरफारांत ‘मागील हिस्सेदाराने पूर्वेच्या बांधाने जावे-यावे’ अशी एखादी ओळ आढळते, आणि ती सापडली तर निम्मे भांडण तिथेच संपते. शेतरस्त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत घेण्याबाबत शासनाने २०२५ मध्ये सूचना दिल्या आहेत, तेव्हा आदेश झाल्यावर ती नोंदही मागून घ्यावी.

प्रश्नकर्त्याचा खुलासा : पागा_घोडनदी

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टी सांगतो. परवानगी कोणी मागितल्याचे वडिलांना आठवत नाही. वाटपाच्या वेळी पंचांनीच बांधालगतची पट्टी वाटेसाठी सोडायला सांगितली होती, आणि त्या पंचांपैकी एक गृहस्थ हयात आहेत. आजोबांच्या घोडीचे घाटातले फोटो घरात आहेत, एका फोटोत ती वाटेच्या तोंडाशी उभी आहे आणि मागे चुलत्यांची जुनी विहीर दिसते. बाहेरच्या मालकाचा एक घोडा गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे पैसे देऊन ठेवलेला आहे. वरातीसाठी टेम्पो आत येतो. रविवारी पालकांच्या मोटारी आत येतात, कधी एकाच वेळी पाच-सहा असतात. शिवाय ओढ्यालगतची एक शेजारची पट्टी मी चराईसाठी खंडाने घेतली आहे आणि घोडे याच वाटेने येऊन पुढे तिथे जातात. चारी बुजण्याबद्दल बांधापलीकडच्या ताईंनी लिहिले ते वाचून मी काल जाऊन पाहिले. चुलत्यांची चारी दोन ठिकाणी ढासळली आहे हे खरे आहे.

उत्तर ४ : तालुका_दिवाणी

आता चित्र स्पष्ट झाले. तुमचे घोडे, तुमच्या दावणीचे, पायी चालवत नेणे याबद्दल तुमची बाजू भक्कम आहे असे माझे मत आहे. पंचांची साक्ष आणि विहीर दिसणारा फोटो हे दोन्ही मोलाचे आहेत. फोटोची मूळ प्रत सांभाळा, मागे काही लिहिलेले असेल तर ते पुसू नका, आणि पंचांचे वय पाहता त्यांची साक्ष लवकर नोंदवण्याची विनंती न्यायालयाला करता येईल.

तीन बाबींत तुमची बाजू दुबळी आहे आणि त्या आजच सोडून द्याव्यात असे मी स्पष्ट सांगतो. पहिली, खंडाने घेतलेली पट्टी. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे वाटेचा हक्क ज्या जमिनीला चिकटलेला आहे तिच्याच उपभोगासाठी वापरता येतो, आणि कायद्यातच त्याचे उदाहरण दिले आहे : एका शेताला दुसऱ्याच्या रानातून वाट आहे म्हणून त्या शेताच्या पलीकडच्या आपल्या दुसऱ्या शेतात जाण्यासाठी ती वापरता येत नाही. तुम्ही आज नेमके हेच करत आहात, आणि चुलत्यांच्या वकिलाला एवढे एक दाखवता आले तर तुमच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवणे त्यांना सोपे जाईल. त्या पट्टीवरचा चारा कापून ओढ्याच्या बाजूने आणा, घोडे तिकडे नेऊ नका.

दुसरी बाब बाहेरच्या मालकाच्या घोड्याची. एक घोडा म्हणजे भार लक्षणीय वाढला असे कोणी म्हणणार नाही, पण तो घोडा आला की त्याचा मालक येतो, त्याचा माणूस येतो, आणि तुमची शेतीची पागा भाड्याची पागा झाली असा युक्तिवाद उभा राहतो. दावा चालू असेपर्यंत तो घोडा दुसरीकडे ठेवावा.

तिसरी बाब मोटारी आणि टेम्पो. ट्रॅक्टर जात होता म्हणून यंत्रवाहनाला बंदी नाही असे म्हणता येईल, आणि शेतीच्या कामाचा टेम्पो त्यात बसवताही येईल, पण शिकाऊ मुलांच्या पालकांच्या मोटारींचे समर्थन मी न्यायालयात करणार नाही. त्या रस्त्यावर थांबवा आणि मुलांना चालत आत आणा. वरातीचे घोडे रस्त्यापर्यंत लगाम धरून न्या व तिथे टेम्पोत चढवा.

मार्गाबद्दल मी मंडळ अधिकारी साहेबांशी बहुतांशी सहमत आहे. मुदत संपण्याआधी मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दावा दाखल करून कुलूप काढून घ्यावे, कारण ते लवकर होते. पण घोड्यांचा मुद्दा तिथे अपुरा राहील, म्हणून दिवाणी न्यायालयात हक्क जाहीर करून मिळण्याचा आणि कायम मनाईचा दावाही लावावा लागेल. त्यात वाटपातून आलेली गरज आणि दीर्घ वहिवाट ही दोन्ही कारणे पर्यायी म्हणून मांडावीत. वहिवाटीची वीस वर्षे दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असली पाहिजेत, म्हणजे वापर थांबल्यावर दोन वर्षे उलटू देता येत नाहीत. दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आणि कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्यावा, जेणेकरून वाटेची रुंदी, फाटक, चारी आणि आतली पिके पावसाआधी नोंदली जातील. ऊस आणि लसूणघास कमिशनरच्या अहवालात दिसणे तुमच्या हिताचे आहे.

फाटकाबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. बिनकुलपाचे, सहज उघडणारे फाटक चुलत्यांनी पिकाच्या रक्षणासाठी बसवले तर ते बेकायदा आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या जमिनीचा, वाटेला धक्का न लागेल असा वापर करण्याचा त्यांना हक्क आहेच. हरकत कुलपाला घ्या, फाटकाला नको.

चारीचा प्रश्न मात्र न्यायालयाची वाट पाहायचा नाही. वाट दुरुस्त ठेवण्यासाठी त्यांच्या जमिनीत जाण्याचा अधिकार सुविधाधिकार अधिनियमाचे कलम २४ तुम्हाला देते, पण वाट रुंद करण्याचा किंवा डांबरी करण्याचा अधिकार देत नाही. आधी लेखी कळवून, शक्य तर चुलत्यांना सोबत घेऊन, ढासळलेल्या दोन जागा दगड-मुरूम घालून बांधून द्या आणि पाण्यासाठी पाइप टाका. समेटाची बोलणी झाली तर ती तोंडी ठेवू नका. घोड्यांची कमाल संख्या, एकामागे एक चालवण्याची अट, मोटारी बाहेर थांबवणे आणि दुरुस्तीचा खर्च, एवढे सर्व लिहून, दोन्ही बाजूंच्या सर्व सातबारा-खातेदारांच्या सह्या घेऊन, दुय्यम निबंधकांकडे करार नोंदवावा. चुलत्यांपैकी एकाने सही केली आणि दुसऱ्याने केली नाही, तर पुढच्या पिढीत हेच भांडण पुन्हा उभे राहते. बहिणींची नावे सात-बारावर असतील तर त्यांच्या सह्याही लागतील, हे सह्यांची यादी करतानाच पाहून घ्या.

कुलूप लागल्याची इंग्रजी तारीख काढली की इथे कळवा, म्हणजे सहा महिन्यांतले किती दिवस उरले ते पाहून आधी कलम ५ चा दावा की आधी समेटाची नोटीस, हे सांगता येईल.